कार्ब्युरेटरच्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन: बसवल्यानंतर ईसीयू आणि इंजेक्शनचे दोष कसे शोधायचे

इंजिन माउंटवर बसले, गिअरबॉक्स जुळला, रेडिएटर भरला. सेल्फ मारला तर इंजिन फिरते, पण उचलत नाही. अशा वेळी बऱ्याच गॅरेजांत लगेच निकाल लागतो: "ईसीयू गेला." ईसीयू म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणारा इंजिनाचा संगणक. मग भंगारबाजारातून दुसरा ईसीयू येतो, तोही चालत नाही, आणि पैसे वाया जातात. इंजिन काढण्याआधी ते मूळ गाडीत चालत होते, म्हणजे ईसीयूही चालत होता. तेव्हापासून आतापर्यंत बदलले काय? वायरिंग कापले, अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारे जोड) सुटले, पेट्रोलची लाइन नवी आली, सायलेन्सरचा पाइप नवा बनला. दोष जवळजवळ नेहमी या चारांतच सापडतो. ईसीयूवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

खालील माहिती कार्ब्युरेटरवाल्या मारुती जिप्सीत एस्टीम किंवा नंतरच्या जिप्सी किंगचे १.३ लिटरचे १६ व्हॉल्व्हचे जी१३बीबी एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर असलेले) इंजिन बसवण्याच्या कामाला धरून दिली आहे. तपासाचा क्रम मात्र कोणत्याही पेट्रोल इंजेक्शन इंजिनाला लागू पडतो. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा धरा.

कामाला हात घालण्याआधी कागदांचे बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो, आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. इंजिन ज्या गाडीतून आले तिची कागदपत्रे आणि खरेदीची पावती जपून ठेवा.

इंजिनासोबत काय काय आणायचे

नुसते इंजिन आणि ईसीयू आणले की पुढचे निम्मे त्रास तिथेच सुरू होतात. अखंड हार्नेस (इंजिनाच्या वायरींचा पूर्ण जुडगा) आणा. त्याची टोके कापून आणू नका, कनेक्टरपासून सोडवून आणा. मेन रिले, फ्यूएल पंपाचा रिले, त्यांचा फ्यूज बॉक्स, सगळे सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या पाइपात बसणारा), स्पीड सेन्सर आणि दोषांचे कोड वाचण्यासाठीचा डायग्नोसिस कनेक्टर हेही हवेत. ईसीयूच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. वरून एकसारखे दिसणारे दोन ईसीयू एसीवाला आणि बिनएसीचा, किंवा वेगवेगळ्या एमिशन नियमांचे असू शकतात, आणि कनेक्टर बसला म्हणून पिना जुळतीलच असे नाही.

मूळ गाडीत इमोबिलायझर (चिपची चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) असेल तर ईसीयू, इमोबिलायझरचा डबा, चावीच्या भोकाभोवतीची कॉइल आणि चिप असलेली चावी असा पूर्ण संच आणा. यातले एक जरी राहिले तरी इंजिन एक-दोन सेकंद चालून बंद पडते किंवा मुळीच उचलत नाही, आणि डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकत राहतो. हा दोष पेट्रोलच्या बाजूला शोधत बसलात तर दिवस फुकट जातो.

पॉवर आणि अर्थ

सर्वांत जास्त वेळ इथेच द्या.

बॅटरी स्थिर असताना १२.४ व्होल्ट किंवा जास्त हवी, आणि सेल्फ मारताना १० च्या खाली जाता कामा नये. ईसीयूचा कनेक्टर काढा. पिनांचा नकाशा समोर ठेवून कायम बॅटरीची पिन, चावी ऑन केल्यावर येणारी पिन आणि अर्थच्या सगळ्या पिना एकेक करून तपासा. मल्टीमीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नका. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ दाखवतो, पण ती तार करंट वाहू शकत नाही. म्हणून २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून बघा. तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. पॉवरची पिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह, तसेच अर्थची पिन आणि बॅटरीचे पॉझिटिव्ह यांच्यामध्ये तो लख्ख पेटला पाहिजे. ही चाचणी फक्त पॉवर आणि अर्थच्या पिनांवर करायची. इंजेक्टर, कॉइल किंवा सेन्सरच्या पिनेला बल्ब लावलात तर चांगला ईसीयू जळेल.

चावीवरचा पॉवर कुठून घेतला हेही बघा. इग्निशन स्विचच्या काही वायरींत चावी ऑन असताना करंट येतो, पण सेल्फ मारताना तो तुटतो. रेडिओ आणि पंख्याची वायर अशीच असते. ईसीयू तिच्यावर जोडला असेल तर सेल्फ मारताना इंजिन मख्ख राहते आणि चावी सोडता सोडता एक झटका देते. हे लक्षण दिसले की दुसरे काही उघडू नका, सेल्फ फिरत असताना त्या पिनेवरचे व्होल्ट मोजा. जुन्या इग्निशन कॉइलची वायरही आयती म्हणून वापरू नका. काही गाड्यांत तिच्यात बॅलास्ट रेझिस्टर असतो आणि पुढे पूर्ण व्होल्ट जात नाहीत.

आता अर्थ. इंजिन रबरी माउंटवर असते, म्हणजे चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते. इंजिन ते चासी जाणारी जाड पट्टी बसवायची राहून जाणे, किंवा रंग दिलेल्या जागी बसवणे, ही अशा कामातली नेहमीची चूक आहे. मग सेल्फचा करंट परतीची वाट अॅक्सिलरेटर किंवा क्लच केबलमधून शोधतो. सेल्फ मारल्यावर केबल गरम लागली तर दुसरा पुरावा नको. बॅटरी निगेटिव्ह ते इंजिन ब्लॉक आणि ब्लॉक ते चासी अशा किमान २५ चौरस मिमीच्या दोन वायर टाका, आणि बसवण्याची जागा धातू चमकेपर्यंत घासा. मग सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून ब्लॉकपर्यंत व्होल्ट मोजा. ०.२ पेक्षा जास्त येता कामा नयेत. ईसीयूच्या अर्थ पिनेवर चावी ऑन असताना ०.१ च्या आत हवेत. ईसीयूचे अर्थ मूळ गाडीत ज्या बोल्टला होते, तिथेच, म्हणजे बहुधा इनटेक मॅनिफोल्डवर किंवा हेडवर, लावा.

सेन्सरांचा अर्थ वेगळा असतो. तो ईसीयूच्या स्वतःच्या पिनेला जातो आणि चासीला जोडायचा नसतो. वायर तुटलेली दिसली म्हणून कोणी ती जवळच्या बोल्टला लावली, तर पंखा सुरू होताच सेन्सरांचे आकडे हलू लागतात आणि इंजिन धडधडते.

यानंतर ५ व्होल्टची लाइन. मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आणि थ्रॉटल सेन्सर (थ्रॉटल किती उघडला ते सांगणारा) यांच्या एका वायरवर ४.९ ते ५.१ व्होल्ट हवेत. शून्य किंवा दोन-अडीच दिसत असतील तर ईसीयूला दोष देण्याआधी या लाइनवरचे सेन्सर एकेक काढत जा. एखादा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तर शॉर्ट त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे.

चावी बंद करूनही इंजिन चालूच राहत असेल तर कुठून तरी करंट उलटा येतोय. बहुधा अल्टरनेटरच्या चार्जिंग दिव्याच्या वायरीतून. त्या वायरीत योग्य दिशेने एक डायोड टाकला की थांबते.

वायर लांबवताना

एस्टीममध्ये इंजिन आडवे असते, जिप्सीत उभे. त्यामुळे हार्नेसच्या काही फांद्या तोकड्या पडतात आणि त्या लांबवाव्या लागतात. पिळ घालून टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसाळ्यातच हिरवा पडतो. क्रिंप करा आणि आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी चढवा. सगळे जोड एकाच जागी आणू नका, दोन-तीन सेंटीमीटर पुढेमागे ठेवा, नाहीतर तिथे गाठोडे होते. हलत्या भागाजवळ सोल्डर टाळा, कारण सोल्डर जिथे संपतो तिथेच वायर मोडते.

क्रँक किंवा कॅम सेन्सरच्या (इंजिन किती आणि कुठे फिरले ते ईसीयूला सांगणाऱ्या) वायरीवर जाळीचे शील्ड असेल तर लांबवलेल्या भागालाही शील्डवालीच वायर वापरा. शील्डला अर्थ फक्त ईसीयूच्या टोकाला द्या. दोन्ही टोकांना दिला तर ते शील्डच अर्थचा करंट वाहू लागते. ही वायर प्लगच्या वायरींपासून आणि अल्टरनेटरपासून दूर न्या. ती चुकीच्या वाटेने गेली की सेल्फ मारताना सगळे ठीक वाटते आणि ३-४ हजार आरपीएमला इंजिन अचानक तुटतुट करते.

फिरते, पण उचलत नाही

स्कॅनर (ईसीयूतले आकडे आणि कोड वाचणारे यंत्र) लागत असेल तर सेल्फ मारताना लाइव्ह डेटात आरपीएम बघा. १५० ते २५० दिसले तर क्रँकचा सिग्नल ईसीयूपर्यंत पोहोचतोय. शून्य दिसले तर पेट्रोल आणि स्पार्क शोधण्यात अर्थ नाही, कारण आरपीएम कळल्याशिवाय ईसीयू दोन्ही देत नाही.

भारतात ओबीडी-२ (गाडीचे दोष स्कॅनरवर वाचण्याची ठरलेली पद्धत) एप्रिल २०१३ पासून आले. त्याआधीच्या ईसीयूला साधा स्कॅनर लागेलच असे नाही. जुन्या सुझुकी ईसीयूत डायग्नोसिस कनेक्टरची ठरलेली पिन अर्थ केली की चेक लाइट लुकलुकून कोड सांगते. १२ हा कोड म्हणजे दोष नाही.

आरपीएमच नसेल तर सेन्सरवर जा. दोन वायरींच्या चुंबकीय सेन्सरला सेल्फ मारताना मीटरवर किमान अर्धा व्होल्ट एसी मिळायला हवा. तीन वायरींच्या हॉल सेन्सरला आधी पॉवर मिळते का बघा, मग सिग्नल वर-खाली होतो का बघा. सेन्सर आणि दात्यांमधले अंतर साधारण अर्धा ते दीड मिमी असते. फ्लायव्हील किंवा पुली दुसऱ्या इंजिनाची लावली असेल तर दात्यांची संख्या मोजाच. एकही दाता कमी-जास्त असेल तर ईसीयूला काही उमगत नाही. चुंबकीय सेन्सरच्या दोन वायरी उलट लागल्या तर इंजिन कधी उचलते कधी नाही, आणि टायमिंग सरकते.

आरपीएम येतोय, मग इंजेक्टर. कनेक्टरवर नॉइड लाइट (इंजेक्टरच्या जागी लावायचा चाचणीचा दिवा) लावा. नसेल तर रेझिस्टर जोडलेला एलईडी चालेल. सेल्फ मारताना तो लुकलुकला पाहिजे. इंजेक्टरच्या एका वायरीवर चावीबरोबर १२ व्होल्ट येतात आणि दुसरी ईसीयू अर्थ करतो. मीटरवर इंजेक्टरचा रेझिस्टन्स ११ ते १६ ओम यायला हवा. दोन-तीन ओमचा इंजेक्टर हा वेगळ्या जातीचा असतो. त्याच्यासाठी न बनलेल्या ईसीयूला तो जोडला तर आतला ड्रायव्हर जळतो. लुकलुक आहे, प्रेशर आहे, तरी प्लग कोरडे असतील तर इंजेक्टर डिंकाने चिकटले आहेत. महिनोन्‌महिने भंगारात पडलेल्या इंजिनात हे नेहमी सापडते. काढून साफ करून घ्या आणि बसवताना नव्या ओ-रिंगला तेलाचे बोट लावा.

उलट प्लग ओले झाले असतील तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक ईसीयू अशा वेळी इंजेक्टर बंद ठेवतात आणि सिलिंडर कोरडे होतात.

स्पार्कचा क्रम १-३-४-२. एक कॉइल दोन सिलिंडरना स्पार्क देत असेल तर जोड्या १-४ आणि २-३ अशा हव्यात. त्या उलट लागल्या की इनटेकमधून भडका येतो. इंजेक्टरांचे कनेक्टर अदलाबदल झाले तर मात्र इंजिन चालते, पण आयडलला किंचित थरथरते आणि कारण सापडत नाही. म्हणून काढतानाच त्यांच्यावर नंबर टाका.

पेट्रोलची लाइन

कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप पाव बारच्या आसपास प्रेशर देतो. इंजेक्शनला तीन बारच्या आसपास लागते. जुने रबरी पाइप तसेच ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. इंजेक्शनसाठीचाच होज आणि त्याच्याच क्लिप वापरा, इथेनॉल सोसणारा प्रकार बघून घ्या. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि अग्निशामक जवळ ठेवा. ब्लॉकवरच्या जुन्या पंपाचे तोंड असेल तर ते प्लेट आणि गॅस्केटने बंद करा.

चावी ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबतो आणि इंजिन फिरू लागल्यावरच पुन्हा सुरू होतो. हे त्याचे बरोबर वागणे आहे, दोष नव्हे. पंप सतत चालावा म्हणून त्याला थेट चावीवर जोडू नका. अपघातात इंजिन बंद पडले तरी तो पेट्रोल ओतत राहील.

रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर गेज लावा. व्हॅक्यूम नळीवाला रेग्युलेटर असेल तर आयडलला साधारण अडीच बार आणि नळी काढल्यावर तीनच्या आसपास असा फरक दिसतो. फरक दिसला नाही तर नळी चुकीच्या जागी आहे किंवा रेग्युलेटर गेला आहे. त्याच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोलचा वास आला तर आतला पडदा फाटला आहे. प्रेशर जास्त आणि काळा धूर असेल तर परतीचा पाइप बघा. कार्ब्युरेटरच्या टाकीचा परतीचा पाइप बारीक असेल तर पेट्रोल मागे जाऊ शकत नाही. परतीचा होज सोडून डब्यात घेतला आणि प्रेशर ठीक झाले, की दोष तिथेच.

प्रेशर बरोबर असून ओझ्याखाली इंजिन मरत असेल तर पंपाचा प्रवाह मोजा. परतीच्या लाइनमधून अर्ध्या मिनिटात अर्धा लिटरहून जास्त यायला हवे. कमी येत असेल तर फिल्टर, टाकीतला गाळ आणि पंपाच्या टोकाशी मिळणारे व्होल्ट बघा. इंजिन चालू असताना बॅटरी आणि पंप यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. अडीच चौरस मिमीची वायर आणि स्वतंत्र रिले टाका.

कार्ब्युरेटरच्या टाकीत पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी वाटी नसते. कार्ब्युरेटरला स्वतःची छोटी टाकी असल्यामुळे ते चालून जायचे. इंजेक्शनला एका क्षणाचीही हवा चालत नाही. ताम्हिणी घाटाच्या चढणीच्या वळणावर पाव टाकीला इंजिन झटके देते आणि सपाटीवर शहाणे होते, याचे कारण हेच. एक ते दोन लिटरची सर्ज टँक (पंपासाठी पेट्रोल भरून ठेवणारी छोटी टाकी) बसवली की प्रश्न मिटतो.

चालते, पण नीट नाही

थंड इंजिनावर चावी ऑन करा, सुरू करू नका, आणि सेन्सर काय सांगतात ते वाचा. एवढ्या एका गोष्टीत पुष्कळ कळते. कूलंट आणि इनटेक हवेचे तापमान दोन्ही त्या दिवशीच्या हवेइतके हवेत. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटली आहे किंवा कनेक्टर भलत्या सेन्सरला लागला आहे. इंजिनावर तापमानाचे दोन सेन्सर असतात: एका वायरीचा काट्यासाठी, दोन वायरींचा ईसीयूसाठी. उणे ४० बघून ईसीयू हिमालयातल्या थंडीइतके पेट्रोल ओततो. तापमान १२० च्या वर दिसले तर वायर शॉर्ट आहे. हा सेन्सर २० अंशांना दोन ते तीन किलोओम आणि ८० अंशांना ३०० ओमच्या आसपास दाखवतो.

मॅप सेन्सर इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. गरम इंजिन आयडलला असताना ३० ते ४० हवा. जास्त दिसत असेल तर नळी फाटलेली, थ्रॉटलच्या आधीच्या छिद्राला लावलेली किंवा ब्रेक बूस्टरच्या नळीला टी मारून घेतलेली असते. मॅपची नळी प्लीनममधून (थ्रॉटलनंतरच्या हवेच्या पेटीतून) स्वतंत्रच घ्या.

थ्रॉटल सेन्सर बंद स्थितीत अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास, मध्ये कुठेही उडी न मारता. अॅक्सिलरेटरची केबल ताणून बसवली असेल तर थ्रॉटल पूर्ण मिटत नाही, ईसीयूला आयडल कळत नाही आणि आरपीएम १५०० वर अडकते. केबलला किंचित ढील हवी.

व्हॅक्यूम लीकबद्दल एक गैरसमज आहे. एअर फ्लो सेन्सरच्या इंजिनात बाहेरून शिरलेली हवा मोजलीच जात नाही, त्यामुळे हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते. मॅप सेन्सरच्या इंजिनात तीच हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते, ईसीयू पेट्रोलही वाढवतो, आणि लक्षण दिसते ते चढलेल्या आयडलचे. जी१३बीबी दुसऱ्या प्रकारचे आहे. म्हणून आयडल उतरत नसेल तर बूस्टरची नळी, पर्ज व्हॉल्व्हचे (टाकीतली वाफ इंजिनात सोडणाऱ्या) उघडे तोंड, मॅनिफोल्ड गॅस्केट आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगा बघा.

फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा) वाचता येत असेल तर आयडलला आणि २५०० आरपीएमला असे दोन्हीकडे वाचा. ओझ्याबरोबर अधिक होत गेली तर पेट्रोल कमी पडतेय. दोन्हीकडे उणे १५ च्या पलीकडे असेल तर प्रेशर जास्त, इंजेक्टर गळका किंवा कूलंट सेन्सर खोटा. जुन्या, इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनलेल्या ईसीयूवर ई२० भरल्यावर अधिक ७-८ टक्के ट्रिम येणे स्वाभाविक आहे. त्याच्यामागे लागून काही बदलू नका.

ऑक्सिजन सेन्सर गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ व्होल्ट असा सतत झुलला पाहिजे. नव्या बनवलेल्या पाइपचा जोड सेन्सरच्या आधी गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर "पातळ" म्हणतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. सेन्सर मॅनिफोल्डच्या जवळ आणि आडव्या रेषेपेक्षा थोडा वर झुकवून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही.

सिग्नलला ब्रेक मारून थांबताना इंजिन बंद पडते, उभ्या गाडीत मात्र छान चालते? स्पीड सेन्सर जोडलेला नाही. केबलच्या स्पीडोमीटरवाल्या गिअरबॉक्सवर तो राहूनच जातो. केबलच्या वाटेत बसणारा पल्स देणारा सेन्सर मिळतो, तो लावा. कोड बहुधा पी०५०० येतो.

कोड कोणत्या क्रमाने घ्यायचे

एकदम आठ-दहा कोड आले तर घाबरू नका. आधी व्होल्टेजचे सोडवा, पी०५६२ सारखे. मग एकाच ५ व्होल्ट लाइनवरच्या अनेक सेन्सरांचे एकत्र आलेले. त्यानंतर क्रँक आणि कॅम सेन्सरचे पी०३३५ आणि पी०३४०, मग एकेक सेन्सर, मग मिश्रणाचे पी०१७१ आणि पी०१७२. कॅटॅलिस्टचा (धूर साफ करणाऱ्या भागाचा) पी०४२० सर्वांत शेवटी. प्रत्येक दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि परत काय येते ते बघा.

स्कॅनर ईसीयूशी बोलतच नसेल तर ओबीडी कनेक्टरच्या १६ नंबरला १२ व्होल्ट आणि ४ व ५ नंबरला अर्थ आहे का बघा. ७ नंबरची के-लाइन (स्कॅनरशी बोलण्याची वायर) असेल तर तिच्यावर १२ च्या आसपास व्होल्ट हवेत. जास्त नवे, कॅनवाले (ईसीयू आणि बाकीचे डबे दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात असे) इंजिन घातले असेल तर बॅटरी सोडून ६ आणि १४ नंबरमध्ये ओम मोजा. ६० यायला हवेत. १२० आले तर दुसऱ्या टोकाचा रेझिस्टर मूळ गाडीच्या मीटर क्लस्टरमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या डब्यात राहिला आहे. त्या दोन वायरींमध्ये टोकाला १२० ओमचा रेझिस्टर टाकला की बोलणे सुरू होते.

सगळे जुळल्यावर इंजिन पूर्ण गरम करून पीयूसी केंद्रावर जा आणि आकडे कागदावर घ्या. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त आणि एचसी (न जळलेले पेट्रोल) बेताचा असेल तर मिश्रण जाड आहे. सीओ कमी आणि एचसी भरमसाट असेल तर कुठला तरी सिलिंडर मिसफायर करतोय. एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढत जा. ज्याचा काढल्यावर आवाज बदलत नाही, त्या सिलिंडरचा प्लग, वायर आणि इंजेक्टर आधी बघा.